पाठमोऱ्या परीक्षकांचा जाणकार

गुणवंत रणपिसे सरकारी सिनेमाघरात ऑपरेटर होते आणि पहिल्या चौदा वर्षांत त्यांनी एकही सिनेमा धड पाहिला नव्हता. यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटत नसे. कोणी विचारलं की ते सांगत, "मी पडद्याचा उजवा कोपरा पाहतो." रीळ संपत आलं की त्या कोपऱ्यात एक ठिपका उमटतो. पहिला ठिपका दिसला की दुसरं मशीन चालू करायचं, दुसरा दिसला की प्रकाश इकडून तिकडे बदलायचा. बाकीच्या पडद्यावर कोण रडतंय आणि कोणाचं लग्न लागतंय, याच्याशी सरकारने त्यांचा काही संबंध ठेवलेला नव्हता.

रणपिसे मूळचे बार्शीचे. वयाच्या सतराव्या वर्षी ते जत्रांतून फिरणाऱ्या एका तंबूच्या सिनेमात लागले. तंबूच्या मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "पडद्यावर काय व्हायचंय ते ठरलेलं आहे. लोकांचं काही ठरलेलं नसतं. तू लोकांकडे बघ." आणि ते खरंच होतं. रीळ तुटलं तर लोक किती वेळ शिट्ट्यांवर थांबतील आणि केव्हा खुर्च्या फेकतील, हे ज्याला कळलं तोच ऑपरेटर जत्रेत टिकला. रणपिसे टिकले. पुढे जाहिरात पाहून अर्ज केला, दिल्लीला बोलावणं आलं, आणि १९६४ साली ते मंत्रालयाच्या एका छोट्या, थंडगार सिनेमाघराच्या वरच्या खोलीत दोन मशिनांच्या मधोमध उभे राहिले. इथे शिट्ट्या नव्हत्या आणि खुर्च्या जमिनीत ठोकलेल्या होत्या. पण लोकांकडे बघायची सवय सुटली नाही.

ही सवय कामाला आली ती पुरस्कारांच्या हंगामात. दरवर्षी फेब्रुवारीत देशभरातून अकरा परीक्षक यायचे, तीन आठवडे बसायचे आणि दिवसाला तीन-चार सिनेमे पाहायचे. एप्रिलमध्ये निकाल. वरच्या खोलीच्या काचेतून रणपिशांना त्यांच्या फक्त पाठी दिसत. अकरा डोकी, अकरा मानेचे काटे, बावीस खांदे. तीन आठवड्यांत रणपिशांना त्या पाठी इतक्या ओळखीच्या व्हायच्या, की समोरून भेटलेल्या परीक्षकाला ते नमस्कार करायला विसरत आणि तो वळून चालायला लागला की लगबगीने हात जोडत.

पाठी काय सांगत? पुष्कळ. ज्या सिनेमाला चारजण पुढे सरकून बसतात आणि तीनजण मागे रेलून घड्याळ बघतात, त्याला काही मिळत नाही, कारण पुढे त्याच्यावरून भांडण होतं. ज्या सिनेमात समोशाकडे गेलेला हात मध्येच थांबतो, त्यातल्या नटाचं नाव निघतं. अध्यक्ष झोपून उठल्यावर शेजाऱ्याला "काय झालं?" असं विचारत नाहीत, तो सिनेमा त्यांना मनापासून पसंत असतो. आणि ज्या सिनेमात अकराच्या अकरा पाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारख्या, सैल, कोणालाच काही न टोचल्यासारख्या राहतात, तो पहिला येतो. हे रणपिशांनी तीन हंगाम पाहून मनाशी ठरवलं आणि चौथ्या हंगामात बोलून दाखवलं.

तिमारपूरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये मराठी घरं दहा-बारा होती. मार्चमधल्या रविवारी हिरवळीवर ऊन खात, मटार सोलत सगळे बसले असताना शेजारच्या विश्वनाथ कारखानिसांनी सहज विचारलं, "काय रणपिसे, यंदा कोण?" कारखानीस आकडेवारीच्या खात्यात होते आणि प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणं हा त्यांचा स्वभाव होता. रणपिशांनी पाच नावं सांगितली. एप्रिलमध्ये पाचही आली. पुढच्या वर्षी सहापैकी सहा. त्याच्या पुढच्या वर्षी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात बायका कुमुदला बाजूला घेऊन विचारायला लागल्या.

कुमुद म्हणजे त्यांची बायको. हिंदूराव हॉस्पिटलात नर्स होती, रोज टेकडी चढून जायची आणि दिवसभर माणसांची अवस्था बघून आल्यामुळे घरी कोणाचं फार कौतुक करायची नाही. "अहो, त्यांना काही कळत नाही सिनेमातलं," ती सांगायची. "परवा घरी येऊन म्हणाले, आज एक फार दुःखी सिनेमा होता. मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, पाचव्या खुर्चीतल्या बाईंनी दोनदा नाक पुसलं. मी म्हटलं, त्या बाईंना सर्दी झाली असेल. तर विचारात पडले."

लोक हसत, पण विश्वास ठेवत नसत. रणपिसे आपली पद्धत सगळ्यांना उघड सांगत. ती इतकी साधी होती की ती खरी असेल असं कोणालाच वाटेना. मीटिंगच्या दाराला कान लावत असणार, किंवा अध्यक्षांच्या स्टेनोशी सूत असणार, असं कॉलनीने ठरवून टाकलं आणि त्यामुळे रणपिशांचा मान उलट वाढला. वरपर्यंत ओळख असलेला माणूस म्हणून लोक त्यांच्याकडे बदलीची कामंही आणू लागले. रणपिसे आधी नाही म्हणत. मग मान हलवून "बघतो" म्हणू लागले. तेवढं म्हटल्याने चहा मिळतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

१९७८ च्या जानेवारीत मंडळाची बस नेहमीसारखी पानिपतला, लढाईच्या स्मारकापाशी, काला अंबला गेली. परतीच्या वाटेवर पहिला अर्धा तास सगळे गप्प असतात. सोनीपत जवळ आलं की डबे उघडतात. तेव्हा अविनाश नावाचा एक तरुण वार्ताहर रणपिशांच्या शेजारी येऊन बसला. मुनिरक्यात खोली घेऊन राहायचा आणि मुंबईच्या एका मराठी दैनिकाला दिल्लीची बातमीपत्रं पाठवायचा.

"रणपिसेकाका, यंदाची यादी मला द्या ना," तो म्हणाला.

"अजून पाठी आल्या नाहीत," रणपिसे म्हणाले.

मार्चच्या शेवटी पाठी येऊन गेल्या होत्या. अविनाश तिमारपूरला आला, कुमुदच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली आणि सात नावं लिहून घेऊन गेला. रणपिशांना वाटलं, पोराला हौस आहे. बारा दिवसांनी ती नावं मुंबईच्या पेपरात 'राजधानीतल्या अत्यंत जाणकार वर्तुळातून' या शब्दांत छापून आली. आपण वर्तुळ आहोत हे वाचून रणपिशांना बरं वाटलं. त्यानंतर आठवड्याभराने निकाल लागला. सातपैकी सात.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

चौकशी अधिकारी म्हणून माथुर साहेब नेमले गेले. पुरानी दिल्लीतल्या जुन्या घराण्यातले, बोलणं गोड, फाइल स्वच्छ. रणपिशांनी त्यांना आपल्या हिंदीत सगळं सांगितलं: पाठी, खांदे, समोसे, अध्यक्षांची झोप. माथुर साहेबांनी सगळं लिहून घेतलं आणि मग पेन खाली ठेवलं.

"रणपिसेजी, तुम्ही मला सांगताय की अकरा विद्वान लोक तीन आठवडे चर्चा करून जे ठरवतात, ते तुम्हाला त्यांच्या मानेवरून आधी कळतं?"

"त्यांना कळायच्या आधी कळतं, साहेब. म्हणून तर बरोबर येतं."

माथुर साहेब सरळ मनाचे होते. त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. खात्याचे सहा अधिकारी सिनेमाघरात बसवले, जॉइंट सेक्रेटरी साहेब मधल्या खुर्चीत, स्वतः माथुर साहेब त्यांच्या डावीकडे. तीन माहितीपट दाखवले: एक गव्हावर, एक धरणावर, एक हातमागावर. सर्वांत चांगला कोणता, हे सहाजणांनी चर्चा करून ठरवायचं. चर्चा सुरू होण्याआधी रणपिशांनी आपलं उत्तर कागदावर लिहून पाकिटात घालून द्यायचं.

चर्चा पाऊण तास चालली. धरण एकमताने पहिलं आलं. पाकीट फोडलं. माथुर साहेबांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. रणपिशांच्या मोडक्या हिंदीत लिहिलं होतं: "धरण पहिला येणार. मोठ्या साहेबांना तो आवडला. माथुर साहेबांना हातमाग फार आवडला, पण ते मत धरणालाच देणार."

शेवटचं वाक्य त्यांनी अर्ध्यात थांबवलं, पण जॉइंट सेक्रेटरी साहेबांनी हात पुढे करून कागद घेतला आणि उरलेलं स्वतः वाचलं. माथुर साहेबांचे कान लाल झाले होते. रणपिसे दाराशी उभे होते. जे दिसलं ते सगळं लिहून पाकिटात घालायचं असतं असा त्यांचा समज होता.

चौकशीचा निष्कर्ष दहा दिवसांत आला. माहिती फुटलेली नाही. कोणी दोषी नाही. तथापि ऑपरेटरला परीक्षक दिसणं हे गोपनीयतेच्या दृष्टीने इष्ट नाही. सबब ऑपरेटरने यापुढे केवळ पडद्याकडे पाहावं, आणि तशी कायमची व्यवस्था करण्यात यावी.

व्यवस्था करायला सरकारी सुतार आला. त्याने रणपिशांच्या काचेपुढे हातभर लांबीची एक लाकडी चौकट अशी बसवली की तिच्यातून बघितलं तर पडदा तेवढा दिसे, खाली एकही खुर्ची दिसत नसे. टांग्याच्या घोड्याला लावतात तशी झापड. सुताराने ठोकाठोक संपवून विचारलं, "ठीक है, बाबूजी? परदा पूरा आ रहा है?"

"पूरा आ रहा है," रणपिसे म्हणाले. त्यांचा आवाज घरातलं कोणी गेल्यासारखा झाला होता.

पुढच्या फेब्रुवारीत परीक्षक आले. रणपिशांना खालून खोकला ऐकू येई, कपबशा वाजत, पण कोण खोकलं आणि कोणी कप ठेवला ते दिसेना. पहिले दोन दिवस ते उजव्या कोपऱ्याकडे बघत राहिले. पण माणूस दिवसाचे आठ तास एका कोपऱ्याकडे किती बघणार? तिसऱ्या दिवशी त्यांची नजर मधे घसरली.

पडद्यावर आसामातला कुठलासा सिनेमा चालला होता. भाषा कळत नव्हती. एक म्हातारा पोस्टमन होता आणि त्याला स्वतःला कधीच पत्र येत नव्हतं, एवढं मात्र न सांगता कळत होतं. तो गावाच्या टोकाला एका विहिरीपाशी बसे, पिशवी उघडे, पत्रं लावून ठेवे. एकदा त्याने एक पाकीट उचललं, त्यावरचा पत्ता वाचला, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. पाकीट त्याचंच होतं का? रणपिसे चौकटीला कपाळ टेकवून उभे राहिले.

पडदा एकदम पांढरा झाला. खालून ओरडा आला, "लाइट! ऑपरेटर!" दोन्ही ठिपके येऊन गेले होते. पंधरा वर्षांत पहिल्यांदा रणपिशांचं रीळ चुकलं होतं. त्यांनी धावत दुसरं मशीन चालू केलं. मधली काही सेकंदं गेली आणि त्या पाकिटाचं काय झालं ते त्यांना कधीच समजलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते परत येऊन रिळांचे डबे उघडून बघणार होते, पण सिनेमावाले प्रिंट घेऊन गेले होते.

त्या रात्री जेवताना त्यांनी कुमुदला सगळी गोष्ट सांगितली. ती पोळी लाटायची थांबली. "मग? पत्र कोणाचं होतं?"

"तेच तर सांगतोय. माझं रीळ चुकलं."

"तुमचं?" कुमुदने लाटणं खाली ठेवून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

त्यानंतर रणपिसे बघतच राहिले. ओडियातला, मल्याळीतला, मणिपुरीतला, जो येईल तो. आणि जे आवडले त्यांचीच नावं हिरवळीवर सांगू लागले. कॉलनीने नेहमीच्या भक्तीने ऐकून घेतली. एप्रिलमध्ये सातपैकी एकही आलं नाही. पोस्टमनच्या सिनेमाचा तर उल्लेखसुद्धा नव्हता. पहिला आला तो एक अतिशय सभ्य, कोणालाही न टोचणारा सिनेमा, जो रणपिशांनी यादीत धरलाच नव्हता, कारण तो त्यांना काहीच वाटला नव्हता. वर्षापूर्वी त्याच्या नुसत्या अकरा पाठी बघून त्यांनी त्याचं नाव घेतलं असतं.

कॉलनीतून हे कळलं तेव्हा मंत्रालयात मात्र आनंद झाला. माथुर साहेबांनी फाइलवर टिपण लिहिलं: सदर ऑपरेटरचे यंदाचे सर्व अंदाज चुकले असून त्यावरून केलेला उपाय शंभर टक्के यशस्वी झाल्याचे सिद्ध होते. पुढल्या वर्षी त्यांना बढती मिळाली. अंदाज मुळात फुटलेल्या माहितीवर नव्हते हे त्याच फाइलच्या आधीच्या पानावर त्यांनीच लिहिलेलं होतं, पण आधीची पानं कोण बघतो.

दुसऱ्या वर्षी सातपैकी शून्य. तिसऱ्या वर्षी शून्य. लोक हळहळले. "वरची ओळख गेली बिचाऱ्यांची," असं ठरलं आणि बदलीची कामं यायची थांबली. फक्त कारखानीस हळहळले नाहीत. त्यांनी वहीत बघितलं, चष्मा पुसला आणि एका रविवारी जाहीर केलं, "अहो, हा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त उपयोगी आहे. दरवर्षी सातपैकी सात चूक येणं ही साधी गोष्ट आहे का? यांनी ज्याचं नाव घेतलं ते बाद करा, उरलेल्यातून निवडा."

लोकांनी तसं केलं आणि ते बऱ्यापैकी जमायला लागलं. मंडळात पैज लागली की आधी रणपिशांना विचारायचं आणि मग त्यांच्या यादीवर काट मारायची. रणपिशांना हे कळत होतं. तरी ते यादी देत, खरी देत. हसून एकदा कुमुदला म्हणाले, "निदान चांगले सिनेमे कोणते ते तरी कॉलनीला कळतं." कुमुद म्हणाली, "काट मारलेले तेवढे चांगले. बिल्कुल सोपं आहे."

ही ख्याती कॉलनीतच राहिली असती तर बरं. पण सिनेमाचे डबे पोचवायला येणारी माणसं ऑफिसच्या चहावाल्यापाशी थांबतात आणि चहावाला सगळं सांगतो. चार-पाच वर्षांत निर्मात्यांच्या माणसांत बोलवा झाली, की ऊपरवाले ऑपरेटर को पसंद आई तो समझो गई.

१९८६ च्या हंगामात वृंदा टिपणीस नावाची एक दिग्दर्शिका आपला पहिला सिनेमा घेऊन आली. माणूस पाठवण्याची ऐपत नव्हती म्हणून डबे घेऊन स्वतःच आली होती. सिनेमा कोकणातल्या एका खाडीवर होडी चालवणाऱ्या बाईचा होता. खाडीवर पूल होतो आणि एके दिवशी होडीत कोणीच येत नाही, एवढीच गोष्ट. तरीही ती बाई होडी पलीकडे नेऊन आणते. रणपिशांनी तो पाहिला, सगळे ठिपके वेळेवर पकडले आणि शेवटचं रीळ संपल्यावर मशिनाला हात टेकून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

डबे परत द्यायला ते खाली गेले, तेव्हा वृंदा व्हरांड्यात उभी होती. "बाई," ते म्हणाले, "मी इतकी वर्षं इथे आहे, पण..."

वृंदाने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "तुम्ही रणपिसे ना? काका, प्लीज. काही बोलू नका."

"अहो, मी चांगलंच सांगतोय."

"म्हणूनच." तिने हात जोडले. "मला सगळ्यांनी सांगून ठेवलंय. मी असलं काही मानत नाही, खरंच मानत नाही. पण चार वर्षं घालवलीत यात. तुम्हाला आवडला असेल तर कोणाला म्हणजे कोणाला सांगू नका. घरीसुद्धा."

रणपिशांना आधी राग आला. मग तिच्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. डबे उचलून उचलून बोटांवर वळ उमटले होते. "बरं," ते म्हणाले. "मला काही आवडलं नाही." आणि डबे तिच्या रिक्षापर्यंत पोचवून आले.

त्या मार्चमध्ये हिरवळीवर त्यांनी सहा नावं दिली. कारखानिसांनी वही पुढे करून विचारलं, "सातवं?" रणपिसे म्हणाले, "सातवं यंदा नाही." कारखानिसांना ते आवडलं नाही. त्यांच्या हिशेबात खंड पडत होता. कुमुदने घरी दोनदा विचारलं. रणपिशांनी भाजी चांगली झाल्याचं सांगितलं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. सहाच्या सहा नावं चुकली. सर्वोत्कृष्ट चित्रपट, खाडीवरची बाई. कसा आला, कोणाला माहीत. एखाद्या वर्षी अकरा माणसांना एकदम काही तरी टोचत असेल. त्या दिवशी खाली बसलेल्या पाठी कशा होत्या, हे रणपिशांना बघायला मिळालं नव्हतं, आणि त्या वेळी आपण काही बघायच्या स्थितीत होतो का, हीही शंकाच होती.

आठवड्याने मुंबईहून पेढ्यांचा मोठा खोका आला. सोबत वृंदाची चिठ्ठी. कुमुदने ती मोठ्याने वाचली: "काका, तुमच्या मौनाबद्दल जन्मभर ऋणी राहीन."

"मौन कसलं?" कुमुदने विचारलं.

रणपिशांनी सगळं सांगितलं. कुमुद ऐकत होती आणि तिच्या कपाळावर आठी चढत होती. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं. आठ वर्षांत पहिल्यांदा बरोबर आलात आणि कोणाला सांगितलंच नाही?"

"तुला सांगितलं असतं तर शेजारच्या वीणावहिनींना कळलं असतं. त्यांना कळलं की कारखानिसांच्या वहीत."

"मग आता सांगू?"

"आता सांगून कोण विश्वास ठेवणार? निकालानंतर सगळेच बरोबर येतात."

कुमुदने थोडा विचार केला आणि ते पटल्यासारखी ती उठली. पेढे वाटले तर काहीतरी सांगावं लागणार होतं. तिने सगळ्यांना सांगितलं की रणपिशांना पगारवाढ झाली. कारखानिसांनी दोन पेढे घेतले, अभिनंदन केलं आणि विचारलं, "यंदा सातवं नाव का दिलं नाहीत, ते मात्र सांगा."

रणपिसे म्हणाले, "सुचलं नाही."

कारखानिसांनी वहीत तसं लिहून घेतलं.